घरासमोरचं झाड काढायचंय? करवतीआधी कागद

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एकाच विषयाचे अर्ज येऊन पडतात. "पानं गच्चीवर पडतात, पन्हळ तुंबते." "फांदीवरून उंदीर बाल्कनीत येतात." "गाडीवर कावळे शिटतात, तरी झाड तोडून टाकावे ही विनंती." आठ वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे या अर्जांची भाषा पाठ झाली आहे. त्यात अर्जदार असतो, त्याची गाडी असते, त्याची बाल्कनी असते. झाड मात्र कुठेच नसतं. त्याची उंची किती, घेर किती, ते कुठल्या बाजूला कललंय, खोडाला काय झालंय, यातलं एक अक्षर नसतं.

आमचा महापालिकेकडे गेलेला पहिला अर्ज असाच होता आणि तो असाच परत आला. पाहणीला आलेले साहेब पाच मिनिटं झाडाभोवती फिरले, मग शांतपणे म्हणाले, "तुम्हाला काय त्रास आहे ते कळलं हो. झाडाला काय झालंय ते सांगा." पुढचं सगळं त्या एका वाक्याने शिकवलं. महाराष्ट्रातल्या शहरांत झाड काढण्याची परवानगी झाडाच्या अवस्थेवर मिळते, आपल्या गैरसोयीवर नाही. एवढं लक्षात ठेवून कामाला लागलात तर निम्मे हेलपाटे वाचतील.

आधी बघा, तुमचं घर कोणत्या कायद्यात बसतं

घर महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. या कायद्याखाली प्रत्येक शहरात वृक्ष प्राधिकरण असतं आणि वृक्ष अधिकारी नेमलेला असतो. झाड तुमच्या स्वतःच्या बंगल्याच्या अंगणात असो, तुम्ही स्वतःच्या हाताने लावलेलं असो, काही फरक पडत नाही. "माझं झाड, माझी जागा" हे वाक्य वॉर्ड ऑफिसात कुणी ऐकून घेत नाही. मुंबईचंच उदाहरण घ्या. २०१८ च्या वृक्षगणनेत तिथे २९ लाख ७५ हजारांवर झाडं मोजली गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक खासगी आवारांत निघाली. खासगी झाडं कायद्यातून वगळली असती तर कायद्याला राखायला उरलं काय असतं?

या कायद्यात 'झाड' शब्दाची व्याप्ती मोठी आहे. खोड लाकडी होणारी कोणतीही बहुवर्षायू वनस्पती त्यात येते, अगदी रोपाच्या अवस्थेतली सुद्धा. आणि 'तोडणं' म्हणजे फक्त बुंध्यापासून आडवं करणं नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं, हे सगळं त्यात आलं. त्यामुळे "आम्ही तोडलं नाही, नुसत्या फांद्या साफ केल्या" हा बचाव टिकत नाही. दिव्यांच्या माळांसाठी आणि क्लासच्या जाहिरातींसाठी खोडात ठोकलेले खिळेही याच व्याख्येत बसतात, हे ठोकणाऱ्यांच्या गावीही नसतं.

ग्रामीण भागात रस्ता वेगळा आहे. तिथे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ आहे आणि त्याच्या अनुसूचीत सोळा झाडं आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, तिवस, बिजा, हळदू, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. यातलं झाड असेल तर बांधावरचं असलं तरी विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तहसील कार्यालय किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि तिथे कारभार वन खात्याकडे आहे. त्या कायद्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. २०१६ मध्ये दुरुस्ती करून माडाला 'झाड' या व्याख्येतून बाहेर काढलं होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी सरकार बदलल्यावर माड नुसता परत आला नाही, राज्यवृक्ष होऊन आला.

गोंधळ होतो तो शहराच्या कडेला. पुण्याचंच बघा. २०१७ मध्ये अकरा गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. काल जिथे ग्रामपंचायत होती तिथे आज वॉर्ड ऑफिस आहे, पण माणसं अजून "आपल्या गावात चालतं" म्हणून करवत लावतात. चालत नाही. घरपट्टीची पावती काढून बघा. ती ज्याच्या नावाची, त्याच्याकडे अर्ज.

झाड नेमकं कुणाचं?

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण भांडणं इथेच सुरू होतात. साधा ठोकताळा असा, की बुंधा ज्याच्या जमिनीत त्याचं झाड. फांद्या कुठेही जावोत. बुंधा रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर असेल तर झाड पालिकेचं. तुम्ही अर्ज देऊ शकता, पण छाटायचं की नाही हे तेच ठरवणार आणि माणसंही तेच पाठवणार. बुंधा सोसायटीच्या आवारात असेल तर अर्ज सोसायटीच्या नावाने, कमिटीच्या ठरावासह. तळमजल्याच्या फ्लॅटसमोरची बाग तुम्ही वीस वर्षं सांभाळली असली तरी अर्जदार तुम्ही नाही. बंगला भावंडांच्या सामाईक नावावर असेल तर बाकीच्यांची संमती लेखी घ्या. अमेरिकेतल्या भावाचा ईमेल चालेल का, हे तुमच्या वॉर्डातच विचारा. आमच्याकडे सहीचं पत्रच मागितलं होतं.

बुंधा बरोबर कुंपणभिंतीवर असेल तर दोघांनी मिळून अर्ज करावा. एकट्याने केलात तर दुसरा हरकत घेणार, हे धरून चाला.

झाडाकडे नीट बघणं

अर्ज लिहायच्या आधी एक सकाळ झाडाला द्या. मोजपट्टी, फोन आणि शक्य असेल तर लाकडी हातोडी घेऊन जा.

सुरुवात मुळाशी. बुंध्याभोवतीची माती एका बाजूला उचलली गेली आहे का, जमिनीला नव्या भेगा आहेत का? झाड जन्मापासून कललेलं असेल तर त्याचा शेंडा वर वळलेला दिसतो आणि ते तसंच पन्नास वर्षं उभं राहू शकतं. पण कालपर्यंत सरळ असलेलं झाड आज कललंय आणि कलाच्या विरुद्ध बाजूची माती फाटली आहे, तर तो धोका खरा. बुंध्याशी अळंब्या किंवा फळीसारखी कडक बुरशी उगवली असेल तर तिचा जवळून फोटो घ्या. आतलं लाकूड कुजत असल्याची ती बहुधा सगळ्यात बोलकी खूण असते. मग आठवा, गेल्या दोन-तीन वर्षांत इथे खणलं होतं का? केबलसाठी चर, ड्रेनेजची लाइन, रस्त्याचं काँक्रीट? पावसाळ्यात पडणाऱ्या झाडांची मुळं कधीतरी एका बाजूने छाटलेली असतात आणि हे कुणाच्या लक्षात नसतं.

नंतर खोड. ढोली असेल तर तिची उंची आणि खोली लिहा. हातोडीने ठोकत खोडाभोवती फिरा. भरीव खोडाचा आवाज बद्द येतो, पोकळ खोड मडक्यासारखं वाजतं. पोकळ म्हणजे लगेच मरणारं असं मात्र नाही. झाडाचा जीव सालीखालच्या थरात असतो, गाभा पोकळ असलेले वड-चिंचा शंभरी गाठतात. वाळवी दिसली की लोक घाबरतात, पण ती बहुधा मेलेलं लाकूड खाते. नुसती सालीवर मातीची रेघ दिसली तर तेवढ्याने झाड धोकादायक ठरत नाही. आंब्याला भिरूड लागलं असेल तर खोडातून भुसा पडताना दिसतो, आणि त्यावर उपाय आहेत. ढोलीत सिमेंट भरायची जुनी पद्धत मात्र सोडा. सिमेंट झाडाबरोबर हलत नाही, कडेने पाणी आत जातं आणि कुजणं झाकलं जातं, एवढंच.

वर बघा. वाळक्या फांद्या किती, कुठल्या बाजूला, खाली काय आहे? मुलं खेळतात, पार्किंग आहे की नुसती मागची गल्ली? जिथे कुणी जात नाही तिथली वाळकी फांदी आणि शाळेच्या बसथांब्यावरची वाळकी फांदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाहणीला येणारा माणूस हे जाणतो.

आणि झाड कोणतं हे ओळखा. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. रस्त्याच्या कडेला हे भरपूर लावले गेले आणि आता म्हातारे झालेत. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ, त्यामुळे वळवाच्या पहिल्या वाऱ्यात तो आडवा होतो. चिंच आणि वड त्या मानाने खमके. अर्जात "एक मोठे झाड" असं लिहू नका. नाव लिहा, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवरचा घेर लिहा.

आमच्या बी विंगमागच्या पीतमोहोराची कथा अशीच उलगडली. पहिल्या अर्जात आम्ही पिवळ्या फुलांच्या कचऱ्याबद्दल पानभर लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी वर सांगितल्याप्रमाणे फिरलो, तेव्हा कळलं की पूर्वेकडची मुळं केबलच्या चरात तुटली होती, पश्चिमेला तळव्याएवढी तपकिरी बुरशी होती आणि झाड पंधरा अंशांनी तरी पार्किंगकडे झुकलं होतं. हे सगळं आमच्या नाकासमोर होतं. आम्ही फुलं झाडत बसलो होतो.

तोडायचं की छाटायचं

दहातल्या आठ तक्रारी छाटणीने सुटतात, हा माझा अनुभव. फांदी खिडकीला लागते, तारांना लागते, पथदिवा झाकते, गच्चीवर टेकते: ही सगळी छाटणीची कामं. छाटणीलाही परवानगी लागते, पण ती वॉर्डातल्या उद्यान विभागाकडून तुलनेने लवकर मिळते. पावसाळ्याआधी शहरांत सोसायट्यांना छाटणी करून घ्यायच्या नोटिसा येतात. तशी नोटीस आली तर ती फाइलमध्ये टाकून विसरू नका. उद्या फांदी पडून कुणाला लागलं तर "तुम्हाला कळवलं होतं" म्हणून तोच कागद तुमच्यासमोर येईल.

छाटणी म्हणजे झाडाचं टक्कल करणं नव्हे. शेंडा उडवून खांब उभा ठेवला की पुढच्या वर्षी त्या कापलेल्या टोकांवर झुपकेच्या झुपके फुटतात. हे फुटवे सालीला नुसते चिकटलेले असतात, वारा आला की तेच आधी मोडतात. एका बाजूच्या सगळ्या फांद्या काढल्या की तोल जातो, आणि मग खरोखरच तोडायची वेळ येते.

चांगली छाटणी कशी दिसते ते एकदा जवळून बघितलं आणि डोक्यात बसलं. पंचावन्न-साठीचे मामा, कमरेला दोर, पायात काही नाही. मांडीएवढी फांदी होती. त्यांनी आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून करवत लावली आणि फांदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत कापून थांबले. मग त्याच्या चार बोटं पुढे वरून कापलं. फांदी कडकन मोडली, पण साल खोडापर्यंत सोलत गेली नाही, कारण खालचा काप तिथे तिला अडवायला होता. उरलेलं थोटूक शेवटी काढलं, आणि तेही खोडाला सपाट घासून नाही. फांदी जिथे खोडातून निघते तिथे बांगडीसारखं फुगीर कडं असतं, ते शाबूत ठेवून. "हे कडं ऱ्हायलं तर जखम भरती. ते कापलं की झाड सडतं," मामा वरूनच म्हणाले. आंब्यावर बांडगूळ असेल तर ते नुसतं उपटून उपयोग नाही; ज्या फांदीत रुतलंय ती त्याच्या खालून हातभर काढावी लागते.

छाटणीच्या आधी आणखी एक बघायचं: घरटी. पावसाळ्याच्या तोंडावर बगळे आणि पाणकावळे शहरातल्या मोठ्या झाडांवर वसाहती करतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं, घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं. परवानगीचा कागद हातात असला तरी वर पिल्लं असतील तर थांबा. विष्ठेचा वास दोन-तीन महिन्यांत जाईल.

अर्ज

बऱ्याच महापालिकांत ऑनलाइन अर्ज होतो, पण मी कागदाची एक प्रत वॉर्डात देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन ठेवतोच. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

सोबत हे लागतं: मालकीचा पुरावा (प्रॉपर्टी कार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती), सोसायटी असेल तर ठराव, झाडाची जागा दाखवणारा साधा नकाशा आणि फोटो. नकाशा वास्तुविशारदाकडून हवा असं नाही. इमारत, कुंपण, रस्ता, झाड आणि अंतरं दाखवणारं हाताने काढलेलं चित्र आमच्याकडे चाललं. फोटो चार बाजूंनी एक-एक, बुंध्याचा जवळून एक, दोष असेल त्याचा जवळून एक. फोटोत माणूस किंवा छत्री उभी करा, आकार कळतो.

मजकुराचा नमुना देतो, कारण इथेच सगळं बिघडतं. "सदर झाडामुळे रहिवाशांना नाहक त्रास होत असून" असली सुरुवात खोडून टाका. त्याऐवजी असं काही लिहा: "आमच्या आवारात बी विंगच्या पश्चिमेस, भिंतीपासून ९ फुटांवर पीतमोहोराचे एक झाड आहे. घेर ५ फूट २ इंच, अंदाजे उंची ३५ फूट. गेल्या पावसाळ्यापासून ते पार्किंगच्या दिशेने कलले असून पूर्व बाजूची माती उचलली गेली आहे. बुंध्यास बुरशी आहे (फोटो क्र. ४). कलाच्या दिशेने रोज २० वाहने व लहान मुलांची ये-जा असते. कृपया पाहणी करून छाटणी, आधार देणे किंवा तोड यांपैकी योग्य तो निर्णय द्यावा." शेवटचं वाक्य मुद्दाम घाला. तुम्ही आधीच निकाल ठरवून आलेले नाही, हे त्यातून दिसतं, आणि समोरच्यालाही मोकळं बोलता येतं.

बांधकामासाठी, पुनर्विकासासाठी झाडं जात असतील तर हे सगळं जास्त किचकट होतं. ते बिल्डर आणि त्याचा सल्लागार बघतो. पण सोसायटीने सही करण्याआधी किती झाडं तोडणार, किती हलवणार याची यादी मागून घ्यावी. झाडं हलवून लावणं नकाशावर सोपं दिसतं. मोठं झाड मुळाचा गोळा पुरेसा न घेता उचललं तर वर्षभरात वाळतं आणि तोवर बघायला कुणी नसतं.

पाहणी, नोटीस, हरकती

अर्जानंतर पाहणी होते. पाहणीच्या वेळी कुणीतरी एकच माणूस बोलावा. आमच्याकडे एकदा सात जण जमले आणि त्यातल्या चौघांनी चार वेगळी कारणं सांगितली. एका काकूंनी तर "वास्तूला दक्षिणेचं झाड चालत नाही" हेही सांगून टाकलं. साहेबांनी काय लिहून घेतलं असेल?

तोडीचा प्रस्ताव असेल तर झाडावर ठळकपणे नोटीस लावली जाते आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते. हरकती मागवल्या जातात. या टप्प्यावर शेजारची आजी, समोरच्या बंगल्यातले पक्षीनिरीक्षक किंवा तुम्हाला कधी न भेटलेला कॉलेजचा मुलगा हरकत घेऊ शकतो. चिडू नका. त्याने झाडाबद्दलच लिहिलेलं असतं, आणि तुमचा अर्जही झाडाबद्दल असेल तर दोघांचं बोलणं एका पातळीवर होतं. उलट, तुमच्या गल्लीतलं चांगलं झाड कुणी तोडू पाहत असेल तर हाच टप्पा तुमचा आहे. झाडावरच्या नोटिशीचा फोटो काढा, मुदत बघा, लेखी हरकत द्या, पोच घ्या. तोंडी ओरडण्याची नोंद होत नाही.

कायद्यात निर्णयासाठी ६० दिवसांची मुदत आहे. थोड्या झाडांच्या प्रकरणांत प्राधिकरणाच्या बैठकीची वाट बघावी लागू नये म्हणून २०१७ च्या दुरुस्तीने २५ पर्यंत झाडांचा अधिकार आयुक्तांना दिला गेला. ६० दिवस उलटले म्हणून "आता मिळालीच" असं धरून करवत काढू नका. स्मरणपत्र द्या, भेटा. आणि परवानगी हातात पडली तरी लगेच नाही. परवानगीनंतर १५ दिवस थांबावं लागतं, म्हणजे कुणाला दाद मागायची असेल तर झाड उभं असताना मागता येते. परवानगी शुक्रवारी आली आणि रविवारी झाड गेलं, असं केलंत तर परवानगी असूनही तुम्ही अडचणीत.

विनापरवाना तोडीला दंड आहे आणि कैदही आहे, आणि प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. काही हुशार लोक यावर उपाय म्हणून बुंध्याला गिरमिटाने भोकं पाडून ॲसिड, मोरचूद असलं काही ओततात, किंवा गोल साल काढतात. तोही तोडण्याचाच गुन्हा. त्यात मूर्खपणा असा, की असं मारलेलं झाड कधी आणि कुठे पडेल ते सांगता येत नाही. बहुतेक वेळा ते मारणाऱ्याच्याच कुंपणावर येतं.

शेजाऱ्याची फांदी, आपली भिंत

शेजारच्या आंब्याची फांदी तुमच्या हद्दीत आली तर ती हद्दीपर्यंत कापायचा हक्क आहे, असं सगळे सांगतात. दिवाणी कायद्याच्या तत्त्वाने त्यात तथ्य आहे, पण शहरात १९७५ चा कायदा त्याच्या वर बसलेला आहे. झाड शेजाऱ्याचं, फांदी कापायला परवानगी पालिकेची. आंबे मात्र त्याचेच. भिंतीवरून लोंबतायत म्हणून काढून घ्यायचे आणि मग फांदीची तक्रार करायची, हा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

आधी जाऊन बोला. "भाऊ, ही फांदी आमच्या पत्र्यावर घासते, तुम्ही अर्ज करा, खर्च निम्मा आमचा" या वाक्याने जेवढी कामं झाली आहेत तेवढी वकिलाच्या नोटिसांनी झालेली नाहीत. तरी ऐकलं नाही तर वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. मुळांमुळे भिंतीला तडे जात असतील तर तड्यांचे तारखेसह फोटो ठेवा. पण आधी खात्री करा की तडा मुळांनीच गेलाय. भिंत खचण्याचं कारण बरेचदा गळकी पाण्याची लाइन असते आणि मुळं त्या ओलीकडे नंतर येतात. लाइन दुरुस्त करा, मग वर्षभर तडा वाढतो का ते बघा.

इमारतीच्या सांडपाण्याच्या पाइपमागे उगवलेला पिंपळ हा वेगळाच विषय. लहान असताना दुर्लक्ष होतं, आणि मग पिंपळाला हात कोण लावणार म्हणून आणखी दुर्लक्ष होतं. दोन वर्षांत तो प्लास्टर फोडतो. दिसल्या दिसल्या फोटोसह वॉर्डाला कळवा, आणि जमत असेल तर मुळासकट काढून कुठेतरी मोकळ्या जागेत लावायची तयारी दाखवा. नुसता वरून खुडलात तर तो भिंतीतून दुप्पट जोमाने येतो.

तोडीचा दिवस

परवानगीची प्रत खिशात नव्हे, गेटवर लावा. येणारे-जाणारे विचारणारच, आणि पोलिसांना फोन जाण्याआधी कागद दिसलेला बरा.

झाड तोडणारे बरेचदा लाकूड घेऊन मजुरी कमी करतात. व्यवहार लेखी ठेवा: किती मजुरी, लाकूड कुणाचं, बुंधा जमिनीपासून किती उंचीवर कापणार, कचरा कोण उचलणार, भिंत-वायर तुटली तर भरून कोण देणार. हेल्मेट आणि दोर नसलेली टोळी स्वस्तात मिळते. माणूस वरून पडला की ती स्वस्त राहत नाही. गावाकडे मोकळ्या रानात झाड एका बाजूला पाडतात. शहरात ते वरून खाली तुकड्या-तुकड्यांनी, दोराला बांधून उतरवायचं असतं. फांद्यांतून विजेची तार जात असेल तर वीज कंपनीला आधी कळवून पुरवठा बंद करून घ्या. महावितरणचा ग्राहक सेवा क्रमांक १९१२. "जरा लांबून कापतो" हे धाडस करू देऊ नका, ओलं लाकूड वीज वाहतं.

लाकूड बाहेर नेताना वाहतुकीच्या पासचा प्रश्न येतो. साग, खैर असेल तर वन खात्याकडे विचारल्याशिवाय ट्रक भरू नका. चंदन असेल तर अर्जाच्या आधीपासूनच वन खातं.

झाड पडलंच तर

रात्री दोनला वाऱ्याने झाड गाडीवर आलं, तर अग्निशमन दल १०१. मुंबईत महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६. तारा खाली असतील तर जवळ जाऊ नका, कुणाला जाऊ देऊ नका. कापाकापी सुरू व्हायच्या आधी फोटो घ्या आणि पंचनामा करून घ्या, कारण विमा कंपनी तोच मागते. गाडीचा विमा सर्वसमावेशक असेल तर भरपाई मिळते. फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीला नाही. अर्धवट उन्मळलेल्या झाडाच्या बाबतीत पाहणीची वाट बघत बसू नका. फोन करा, लेखी कळवा, तोवर खालची जागा दोरी बांधून मोकळी करा.

तोडल्यानंतरची सात वर्षं

१९७५ च्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. ५० वर्षांहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी झाडं लावण्याचं तत्त्व आलं. लावलेल्या झाडांचं जिओटॅगिंग करायचं आणि सात वर्षं सांभाळायचं. आमच्या पीतमोहोराचं वय साधारण पंचवीस धरलं गेलं. पंचवीस झाडं! सोसायटीत जागा सातांचीच निघाली. बाकीची पालिकेने दाखवलेल्या मैदानात लावली. अर्जावर सही करण्याआधी हा हिशोब जनरल बॉडीत मांडा. आमच्याकडे तो ऐकल्यावर ए विंगच्या दोन तक्रारी तिथल्या तिथे मागे घेतल्या गेल्या.

काय लावायचं? भिंतीपासून पाच-सात फुटांवर बकुळ, सीता-अशोक, ताम्हण. थोडी मोकळी जागा असेल तर बहावा, कडुनिंब. वड, पिंपळ, उंबर मैदानात, इमारतीजवळ किंवा ड्रेनेजवर नाही. आणि आळं मातीचं ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात खोडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक अजून खोडाला गळ्याशी आवळत जातात आणि मग पंधरा वर्षांनी झाड का पडलं म्हणून आपण पाहणीला माणूस बोलावतो. ब्लॉकवाल्याला काम देतानाच हे लिहून द्या, कारण ब्लॉक बसल्यावर तो परत येत नाही.

लावलेल्या प्रत्येक झाडाला नंबर द्या, दर जूनमध्ये त्याच जागेवरून फोटो काढा आणि परवानगीच्या फाइलला जोडत जा. सात वर्षांत सेक्रेटरी तीन वेळा बदलतात. आमची फाइल गेल्या महिन्यात नव्या सेक्रेटरी वहिनींच्या हातात दिली, तेव्हा सातपैकी पाच जगली होती. मेलेल्या दोनांच्या जागी काय लावायचं, हे त्यांनी पहिल्याच कमिटी बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतलं आहे.